हमीदभाईंच्या कोऱ्या शिश्या

समोरच्या घरातल्या कुत्र्याला परवा गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घालून आणलं. आठ दिवस झाले, पाऊस थांबतो पण ऊन काही पडत नाही. त्या कुत्र्याच्या मांडीला ओला चट्टा उठला होता, आणि चाटून चाटून त्यानं तो तळहाताएवढा केला होता. मालकीण मला कौतुकानं सांगत होती की हे नरसाळं परदेशी डोकं आहे, आपल्याकडे असं कोणाला सुचलं नसतं. मी हो हो केलं. आता तिला काय सांगायचं, की असंच नरसाळं मी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी बांबूचं पाहिलंय आणि ज्याला ते सुचलं तो माणूस चौथी पास होता. तेवढं सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं, आणि ते मी आजवर कोणाला धड सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

हमीदभाई आमच्या ढोरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. चामोर्शी मागे टाकून जंगलाच्या अंगाला गेलं की ते गाव लागायचं. नाव सांगत नाही, कारण ज्या बाईचं मी पुढे सांगणार आहे तिच्या सासरचे लोक अजून त्याच भागात राहतात. डॉक्टरांकडे दोन दवाखाने होते, ते मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे. बाकीचे दिवस मी साहेब. सव्वीस वर्षांचा पशुधन पर्यवेक्षक, पायात नवे बूट, आणि मला वाटायचं दवाखाना मी चालवतो. चालवायचे हमीदभाई. हे मला सोडून सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं.

उंच, वाळका माणूस. पन्नाशी उलटलेली, दाढी पांढरी व्हायला लागलेली. शर्टाच्या खिशात कात्री असायची, आणि ती पडू नये म्हणून सुतळीनं बटणाला बांधलेली. बोलणं कमी. चिडले की आणखी कमी. बैलाचा सुजलेला खांदा, शेळीचं सडलेलं खूर, यात हात बसलेला होताच, पण तसे ड्रेसर पुष्कळ असतात. हमीदभाईंकडे लोक लांबून यायचे ते कुत्र्याच्या खाजेसाठी. आमच्या खात्याच्या लेखी कुत्रं हे जनावर नव्हतंच. गाय दूध देते, बैल नांगर ओढतो, कुत्र्याचं काय? असं मी एकदा बोलून गेलो. हमीदभाई म्हणाले, साहेब, धानाच्या बांधीत मचानावर एक रोज बिनकुत्र्याचे राहून पाहा, मंग इचारा.

राहिलो नाही, पण समजलं. जंगलाला लागून शेती. धान पोटऱ्यात आलं की रानडुकरं उतरतात. माणूस मचानावर डुलकी काढतो, जागं असतं ते खालचं कुत्रं. डुकराचं सोडा, बिबट आला तरी आधी त्यालाच कळतं. आणि नेमकी त्याच दिवसांत, भादव्यात, त्याला खाज सुटते. त्या दिवसांत आमच्याकडे वाळत घातलेलं धोतर तिसऱ्या दिवशीही दमट असायचं आणि मिठाच्या बरणीत पाणी सुटायचं. कुत्र्याच्या केसात मुरलेला ओलावा मग कुठं जाणार? आधी कानामागे लालसर होतं, मग काखेत, मग केस झडतात, पाणी सुटतं, वास मारतो. लूत भरली म्हणून घरचे लोक दगड मारून हाकलतात. जे रात्रभर स्वतःला ओरबाडतंय ते डुकराची चाहूल काय घेणार!

हमीदभाईंचं एक बोलणं होतं. दुखणाऱ्याले लोक पाहाले येतेत, खाजवणाऱ्याले हाकलतेत. लहानपणी त्यांना स्वतःला खरूज झाली होती, तेव्हा मास्तरनं दोन महिने शाळेच्या ओट्याच्या खाली बसवलं होतं, वर्गाच्या बाहेर. चौथीनंतर ते शाळेत गेले नाहीत. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही कुत्र्याचे केस कापता कापता, खाली बघून.

त्यांची रीत ठरलेली. कुत्रं आणलं की आधी मालकाला विचारायचे, हे झोपते कुठी? बहुतेकांना ठाऊकच नसायचं. मग ते सांगायचे की चुलीतली थंड राख पसरा, वरून धानाची तणस टाका आणि ती तणस रोज बदला, ओल्या भुईवर निजू देऊ नका. चट्ट्याच्या भोवतीचे केस कात्रीनं काढायचे. कडुलिंबाचा पाला उकळून ते पाणी निवू द्यायचं, त्यानं धुवायचं, जुन्या धोतरानं टिपायचं, आणि मग औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन वारा घालत बसायचे. अर्धा अर्धा तास. मी बाहेर बैलाला इंजेक्शन देतोय आणि आत हा माणूस एका लुतऱ्या कुत्र्याला वारा घालतोय! मी वैतागायचो. ते म्हणायचे, ओल्या कातडीवर दवा मंजे चिखलात बी. कातडी कोरडी झाल्याशिवाय त्यांनी कधी बाटलीला हात लावला नाही. मग पायाच्या बोटांच्या बेचक्यांत, कानात, शेपटीखाली गोचीड शोधायचे, आणि त्यावर गोचिडाचं औषध पाण्यात पातळ करून लावायचे.

लोकांचे आपले उपाय चालूच असायचे. कोणी ट्रकचं जळकं ऑइल चोपडायचं, कोणी धानावर मारायची पावडर. जळक्या ऑइलचं कुत्रं आलं की हमीदभाई मालकाशी बोलणंच बंद करायचे. कुत्र्याशी बोलायचे. ‘तुह्या मालकाले बी थोडं लावून पाहू काय,’ असं त्याच्या कानात विचारायचे, मालकाला ऐकू जाईल इतक्या हळू.

एकदा जंगल खात्याच्या एका साहेबाच्या बाईंनी पामेरियन आणलं. पांढरं, झुपकेदार, आणि खाजवून खाजवून वेडं झालेलं. बाई दिवसातून दोनदा वासाच्या साबणानं आंघोळ घालत होत्या, तरी बिचाऱ्याला बरं वाटेना म्हणून रडकुंडीला आल्या होत्या. हमीदभाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, बाई, पानी बंद. आणि बाई चहा प्यायला माझ्या टेबलापाशी आल्या तेवढ्यात त्यांनी त्या कुत्र्याची हजामत केली, शेपटीचा गोंडा सोडून सगळी. बाईंनी परत येऊन पाहिलं तर आतून उंदराएवढं जनावर निघालेलं. त्या दिवशी मला बरंच ऐकून घ्यावं लागलं, साहेब म्हणून. दहा दिवसांत खाज गेली. बाईंनी दिवाळीला चिवडा पाठवला, पण तो माझ्याकडे, हमीदभाईंचं नाव न काढता. मी तो त्यांना दिला. त्यांनी खाल्ला आणि म्हणाले, कुत्रं बरं हाय ना.

बांबूचं नरसाळंही तेव्हाचंच. औषध लावलं की कुत्रं चाटतं, आणि चाटलं की जखमही भरत नाही आणि पोटात विषही जातं. हमीदभाई बाजारात बुरडाच्या बाईकडे गेले आणि तिला म्हणाले, मले बूड नसलेली टोपली पाह्यजे. तिला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. त्यांनी हातानं माप दाखवलं, गळ्याकडे अरुंद, तोंडाकडे रुंद. तिनं हसत हसत विणून दिली. ती टोपली घातलेलं पहिलं कुत्रं गावातून निघालं तेव्हा पोरं नवरदेव नवरदेव ओरडत मागे धावली. पुढे पुढे ती बाई दर पावसाळ्यात पाच-सहा टोपल्या आपणहून विणून ठेवायला लागली.

आता शिश्यांचं सांगायला हवं. इथंच सगळं आहे.

दवाखान्यात हे गोचिडाचं औषध यायचं मोठ्या डब्यातून, आणि ते लोकांना घरी न्यायला द्यायचं तर शिश्या नसायच्या. खाजेचं कुत्रं आठ आठ दिवसांनी तीनदा धुवावं लागतं. लोक दहा-बारा किलोमीटर चालत यायचे, मधे नाले. तीनदा कोण येणार? मग हमीदभाई थोडं औषध शिशीत भरून द्यायचे. एक झाकण औषध, अर्धी बादली पाणी, एवढं तोंडपाठ करून घ्यायचे. शिशी कुठली? तर दारूचा रिकामा पव्वा. जिल्ह्यात दारूबंदी लागून काही वर्षं झाली होती आणि त्यामुळे पव्व्यांना तोटा नव्हता. नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात दुकानं उघडी होती, तिकडून माल यायचा आणि रिकाम्या शिश्या झुडपाझुडपांत पडायच्या. हमीदभाई त्या वेचून आणायचे. राखेनं घासायचे, उकळत्या पाण्यातून काढायचे आणि दवाखान्याच्या कुंपणाच्या खुंट्यांवर उलट्या वाळत घालायचे. येणारे-जाणारे म्हणायचे, साहेब, कुंपणाला दारूचं पीक बरं आलं.

आणि एक करायचे. शिशीवरचा कागद भिजवून नखानं खरवडून काढायचे, इतका की गोंदाचा डागसुद्धा राहायला नको. हमीदभाईंनी जन्मात दारूला हात लावलेला नव्हता. आधीच कुत्र्यांमध्ये बसतो म्हणून मशिदीत लोक त्यांच्यापासून सरकून उभे राहायचे. दवाखान्यामागे निंबाच्या झाडाला त्यांचा दुसरा शर्ट टांगलेला असायचा, कुत्र्याचं काम झालं की हातपाय धुऊन तो घालायचे आणि मगच घरी जायचे. एवढं करून त्यांच्या हातात दारूचं चित्र असलेली शिशी कोणी पाहिली तर? म्हणून ती खरवडायची. कोरी, स्वच्छ, काचेसारखी काच.

आता जरा विचार करा. दारूबंदीच्या जिल्ह्यात कागद नसलेला पव्वा म्हणजे काय? गावातल्या कुठल्याही पिणाऱ्याला विचारा. हातभट्टीचा माल. मोहाची दारू अशाच कोऱ्या शिश्यांतून विकली जायची. हे मला माहीत होतं. मी तेव्हा अधूनमधून घ्यायचो, लपवायचं कशाला. हमीदभाईंना माहीत नव्हतं. आणि चार वर्षं मी ते कुंपण रोज पाहत होतो.

सुमन आली ती भादव्यातच. एका आडगावची, धानाची शेती करणाऱ्या घरातली सून, तिशीची. कालू नावाचं कुत्रं दोरीला बांधून, दोन नाले ओलांडून आली होती, कमरेपर्यंत भिजलेली. कालूची पाठ निम्मी उघडी पडली होती. नवरा म्हणत होता सोडून दे जंगलात, दुसरं पिल्लू आणू. नवऱ्याचं नाव रामदास. तो धान राखायला मचानावर जायचा आणि घरी ही दोन मुलींना घेऊन एकटी, घराच्या मागे जंगल. ती हमीदभाईंना म्हणाली, ‘भाऊ, हे असते तं मले झोप लागते. याले बरं करा.’

हमीदभाईंनी दुपार घातली तिच्या कुत्र्यावर. केस काढले, धुतलं, वारा घातला, टोपली चढवली. जाताना कोरी शिशी दिली आणि माप पाठ करून घेतलं. मग विचारलं, लहान लेकरं हाय ना घरात? मंग खाली ठेवू नको. वर ठेवजो, कोनाच्या हाती लागन नाई असं. ती हो म्हणाली. मी तिथंच होतो, केसपेपरवर सही करत.

तिनं सांगितल्याप्रमाणे केलं. विषारी औषध घरात नको म्हणून गोठ्याच्या छपरात, वळचणीच्या बांबूमागे, हात पुरेल तितकं आत खोचलं. आणि आमच्याकडचे पुरुष बंदीच्या दिवसांत शिशी कुठं लपवायचे? गोठ्याच्या छपरात. रामदासही तिथंच लपवायचा. औषध कुठं ठेवलं हे त्यानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. शेतावर जायची घाई, वर पाऊस. त्यानं छपरात हात घातला, शिशी कंबरेला खोचली आणि गेला. वासाचं म्हणाल तर बंदीनंतर दारूला कसलाही वास यायला लागला होता, पिणारे नाक दाबूनच प्यायचे. सकाळी भावाला तो मचानाखाली सापडला. शिशी बाजूलाच पडलेली.

गाव एका मुखानं म्हणालं, कौसाबाईची दारू. कौसाबाई म्हणजे त्याच गावातली एक म्हातारी विधवा, मोहाची दारू गाळायची. लोकांनी तिचे माठ फोडले, छप्पर ओढून काढलं. पोलीस तिला घेऊन गेले आणि जामीन द्यायला तिला कोणी नव्हतं. आमच्याकडे ही बातमी बाजाराच्या दिवशी आली. खराब दारूनं माणूस मेला. त्या काळात ऐकून ऐकून बोथट झालेली बातमी, मी पुढचा चहा मागवला. मेलेला माणूस सुमनचा नवरा, हे दोन दिवसांनी कळलं.

तेरवी झाल्यावर हमीदभाई म्हणाले, साहेब, गाडीवर सोडता काय? बाईले भेटून येतो, आन कुत्र्याचं दुसरं धुनं राह्यलं असन. मी मोटारसायकल काढली. सुमन ओट्यावर बसली होती, कपाळ मोकळं. मुली भिंतीला टेकून. हमीदभाई दोन शब्द बोलले. कालू टोपली घालून आला आणि त्यांच्यापुढं आडवा झाला. पाठीला बारीक नवे केस फुटले होते. हमीदभाईंनी बोटानं केस उलटे करून पाहिले आणि म्हणाले, बाई, दवा आन, मी धुऊन देतो.

ती उठून गोठ्यात गेली. पाय उंच करून छपरात हात घातला. आधी मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. मग बाजूचा बांबू चाचपला, मग परत पहिला. म्हणाली, इथीच ठेवली होती भाऊ, तुमी सांगतलं तशी. मी हमीदभाईंकडे पाहिलं. ते तिच्याकडे पाहत नव्हते, त्या छपराकडे पाहत होते. मग त्यांनी फार सावकाश म्हटलं, राहू दे बाई, मी दुसरी आनतो. आणि उठले. कुत्रं तसंच आडवं पडून राहिलं.

नाल्यापाशी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली आणि काठावर बसले. मी समजून चुकलो होतो. मी खूप बोललो. म्हणालो, नागपूरहून तपासणीचा अहवाल येईल तेव्हा येईल, तुम्ही कशाला मान पुढं करता? निवृत्तीला दोन वर्षं राहिली, पोरीचं लग्न व्हायचंय. आणि तिला कळलं की तिच्याच हातानं ठेवलेल्या शिशीनं नवरा गेला, तर ती जगेल काय? हे शेवटचं मी फार हुशारीनं काढलं होतं. खरं कारण वेगळं होतं. चौकशी दवाखान्यात आली की ती माझ्या टेबलापर्यंत आली असती.

हमीदभाई एवढंच म्हणाले, ‘आन कौसाबाई? तिनं त काई नाई केलं.’

चार दिवस ते कामावर आले, काम केलं. कुंपणावरच्या शिश्या एक एक करून उतरवल्या आणि मागं खड्डा करून पुरल्या. पाचव्या दिवशी म्हणाले, पोलिसाकडून तिले समजू नये, पहिले मी सांगतो. मला गाडी काढायला सांगितलं नाही, चालत निघाले. मीच मागून गाडी घेऊन गेलो.

सुमन तांदूळ पाखडत होती. हमीदभाई अंगणात उभ्यानंच बोलले. म्हणाले, ‘बाई, रामदासनं जे पेलं ते कौसाबाईचं नव्हतं. ते मी देल्लेली शिशी होती. वर ठेव मनून मी सांगतलं. तुह्या हातानं नाई झालं ते, माह्या तोंडानं झालं.’

तिचं सूप थांबलं नाही. तांदूळ उडत होते, सुपात पडत होते. तिनं वर पाहिलं नाही. आतून सासू बाहेर आली, आणि सासूला कळलं तेव्हा जे रडणं उठलं ते मी सांगत नाही. हमीदभाई तिथून तसेच ठाण्यात गेले. मी गाडी घेऊन घरी आलो.

महिनाभरानं जिल्ह्याहून चौकशीचे साहेब आले. मला पहिला प्रश्न तोच. औषध अशा शिश्यांतून दिलं जातं हे तुम्हाला माहीत होतं काय? मी म्हणालो, माझ्या निदर्शनास आलं होतं आणि मी संबंधितास तोंडी समज दिली होती. इतकं शुद्ध मराठी माझ्या तोंडून आधी कधी आलं नव्हतं. मी कधीही समज दिलेली नव्हती. उलट, गावात पाहुणे आले की मीच ते कुंपण दाखवून हसायचो. कारकुनानं जबाब लिहिला. मग हमीदभाईंना आत बोलावलं आणि माझा जबाब त्यांना माझ्यासमोर वाचून दाखवला. कारकुनानं विचारलं, हे खरं आहे?

हमीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, हो, साहेबानं सांगतलं होतं, मीच आयकलं नाई. आणि सही केली. उर्दूत करायचे सही, उजवीकडून डावीकडे, हळूहळू. ती होईपर्यंत मी टेबलावरच्या काचेकडे पाहत बसलो. एवढी लाज मला त्याआधी वाटली नव्हती, त्यानंतरही वाटली नाही. पण लाज वाटली म्हणून तोंड उघडलं असं काही झालं नाही.

त्यांना घरी बसवलं. खटला रखडत रखडत चालला. कौसाबाई सुटली, आणि दिवाळीनंतर पुन्हा दारू गाळायला लागली. म्हणजे सांगा आता. हमीदभाई समोरून आले तर ती रस्ता बदलायची. सुमनच्या सासरच्यांनी ठरवून टाकलं की हिनंच नवऱ्याला कुत्र्याचं औषध पाजलं. दोन मुलींसह तिला माहेरी काढून दिली, तिकडे एटापल्लीच्या बाजूला. कुत्रं मात्र सासरच्यांनी ठेवून घेतलं. कालू चांगला बरा झाला होता, अंगावर काळे चमकदार केस आले होते आणि धान राखायला त्याच्यासारखं दुसरं नव्हतं. तिची ज्याच्यावर झोप अवलंबून होती तेवढं एक जनावरही तिला नेऊ दिलं नाही.

माझी बदली झाली, बढती झाली. पाच-सहा वर्षांनी चामोर्शीच्या बसस्टँडवर हमीदभाई दिसले. दाढी पूर्ण पांढरी, पाठीत वाकलेले, बाकावर पिशवी घेऊन बसलेले. मी चुकवून जाऊ शकलो असतो. एक पाऊल मागे गेलोही. मग जाऊन बाजूला बसलो. त्यांनी बरे आहा ना साहेब म्हणून विचारलं, बदली कुठं आहे विचारलं. मी विचारलं, कुठं निघालात?

एटापल्लीच्या गाडीनं. सुमनच्या माहेरी. वर्षातून एकदा, पाऊस लागायच्या आधी जातात म्हणाले. तिच्या अंगणाबाहेर मोहाचं झाड आहे, त्याखाली बसतात. तिची आई पाणी आणून देते. सुमन कामाला जाते, कामावरून येते, यांच्यासमोरून. पाहत नाही, बोलत नाही. मग शेवटच्या गाडीनं हे परत.

मी म्हणालो, मग कशाला जाता हमीदभाई?

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाले, ‘एक रोज ते बाई मले शिव्या देईन, साहेब. पोटभर देईन. सडून राह्यलं ते तिच्या आतमंदी. कोनाले देईन बिचारी? सोताच्या हाताले देत असन. म्हनून मी समोर जाऊन बसतो.’

मला बोलायचं होतं. त्यांच्याशी एकाच बाकावर बसून, खांद्याला खांदा लागलेला असताना, याहून सोपी वेळ मला मिळणार नव्हती. मी म्हणालो, हमीदभाई, तो जबाब, मी तेव्हा… तेवढ्यात ते उठले. गाडी लागली म्हणाले. गाडी लागली होती, पण अजून ड्रायव्हर चढायचा होता. मी त्यांची पिशवी वर दिली. त्यांनी खिडकीशी जागा धरली, आणि खाली मी उभा.

खिडकीतून त्यांनी विचारलं, तुमची पोरगी कितवीत हाय आता? मी म्हणालो, तिसरीत. म्हणाले, शिकवजा चांगलं. मी तिथंच उभा राहिलो. गाडी हलेपर्यंत त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो, की आता मला शिवी देतील, निदान एक तरी देतील. त्यांनी हात वर केला आणि गाडी गेली. त्याच वर्षी थंडीत ते वारले, असं मला उशिरा कळलं. सुमननं त्यांना शेवटी शिव्या दिल्या की नाही, मला माहीत नाही. मला मात्र त्यांनी एकही दिली नाही.